जवारी ऐकताना : मिरजेतील चित्रीकरणाचे पाच दिवस

निघण्याआधी

जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाला बारा मिनिटांचा माहितीपट करावा लागतो. आमच्या चौघांच्या गटाने त्यासाठी मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचा विषय निवडला, तेव्हा आमच्यापैकी एकानेही तानपुरा कधी हातात घेतलेला नव्हता. विषय सुचला तो २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आमच्यातल्या एकाने जपून ठेवली होती म्हणून. साताऱ्यात बसून आम्ही जो आराखडा केला, त्यात चौसष्ट शॉट होते आणि प्रत्येकासमोर कॅमेऱ्याची जागा, भिंग, प्रकाश आणि अंदाजे वेळ असे रकाने भरलेले होते. शेवटचा रकाना ध्वनीचा होता आणि त्यात बहुतेक ओळींसमोर ‘पार्श्वसंगीत’ एवढा एकच शब्द होता. हा रकाना भरण्याचे काम माझ्याकडे होते, हे आधीच सांगून टाकते.

सामान फारसे नव्हते. महाविद्यालयाचा एक मिररलेस कॅमेरा, पन्नास मिलिमीटरचे एक भिंग आणि एक झूम, एका पायाचा खटका ढिला झाल्यामुळे चिकटपट्टीने आवळलेला ट्रायपॉड, कॉलरला लावायचे दोन वायरलेस माइक, आणि वरच्या वर्गातल्या एकाकडून मागून आणलेला शॉटगन माइक व छोटा रेकॉर्डर. सरांनी आराखडा मंजूर करताना एकच अट घातली, ती संमतीपत्राची : ते मराठीत असावे आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावे. ही अट आम्हाला त्या वेळी कागदी वाटली होती.

दिवस पहिला

सातारा रेल्वे स्थानक शहरात नाही, ते माहुलीजवळ आहे. त्यामुळे सामानासह तेथे पोहोचण्यातच आमचा निम्मा उत्साह खर्ची पडला. माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते, पुढे कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. आपण नदीच्याच वाटेने खाली चाललो आहोत, हे गाडीत नकाशा पाहताना लक्षात आले. जानेवारीचे दिवस असल्याने ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी या सगळ्या पट्ट्यात ऊसतोड जोरात सुरू होती. आमच्या कॅमेरामनने खिडकीतून उसाच्या ट्रॅक्टरांचे बरेच चित्रण केले आणि त्यातला एकही सेकंद पुढे वापरला गेला नाही.

मुक्काम सांगलीत विश्रामबागेला माझ्या मावशीकडे होता. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ पासून एकच महानगरपालिका आहे, पण मावशी मिरजेला जायचे म्हटले की अजूनही ‘गावाला निघालात का’ असेच विचारते. तिने भडंगाचा डबा हातात दिला आणि दुपारी आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पोहोचलो.

गल्ली अरुंद आहे. दुकानांच्या आत जमिनीपासून छतापर्यंत वाळलेले भोपळे रचलेले असतात आणि पहिल्या नजरेला ते कुंभाराचे दुकान वाटते. हे भोपळे चवीला कडू असल्यामुळे खाण्याच्या उपयोगाचे नसतात; ते येतात मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या बाजूने. भोपळ्याचा आकारच पुढे वाद्याचा आकार ठरवतो, म्हणून कारागीर भोपळा निवडताना तो हातात घेऊन फिरवतात, टिचकी मारतात, आणि आवडला नाही तर काही न बोलता परत ठेवतात. आमच्या यादीतला पहिला शॉट हाच होता.

तो त्या दिवशी झाला नाही. ज्यांच्याकडे आम्हाला काम करायचे होते ते सत्तरीच्या पुढचे कारागीर आहेत, गल्लीत सगळे त्यांना चाचा म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी चहा मागवला, आमच्या पिशव्यांकडे पाहिले आणि म्हणाले, “आज कॅमेरा पिशवीतच असू दे. बसा की जरा.” मग मी संमतीपत्र वाचायला घेतले. त्यावर माहितीपटाचे तात्पुरते नाव छापलेले होते : ‘लुप्त होत चाललेल्या कलेचा मागोवा’. तेथपर्यंत वाचून होते न होते तोच चाचांनी हात वर केला.

“लुप्त कोण होतंय?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले. तेथे दांडीला कागदाची चिठ्ठी बांधलेले अकरा तानपुरे ओळीने टांगलेले होते आणि प्रत्येक चिठ्ठीवर गिऱ्हाइकाच्या गावाचे नाव होते. हाताखाली शिकायला पोरे कमी येतात, मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर रियाज करणारे वाढलेत, लाकूड महागलेय, हे सगळे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. पण ‘लुप्त’ हा शब्द त्यांना चालणार नव्हता. त्यांनी पेन मागून घेतले, ती ओळ खोडली आणि मग खाली सही केली. सरांची अट त्या क्षणी पटली.

संध्याकाळपर्यंत आम्ही फक्त ऐकत बसलो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या शिकलगाराने, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिराने, मिरजेत या धंद्याचा पाया घातला आणि संस्थानिक पटवर्धनांचा त्याला आश्रय मिळाला, हा इतिहास येथे सगळ्यांना तोंडपाठ आहे. हत्यारांचे दिवस सरल्यावर ज्या हातांना धातू आणि कानस ठाऊक होती तेच हात वाद्याकडे वळले, ही गोष्ट मला पुस्तकी वाटत होती. चौथ्या दिवशी चाचांच्या हातात कानस पाहीपर्यंत ती तशीच राहिली.

दिवस दुसरा

सकाळी नऊला काम सुरू झाले आणि साडेनऊला थांबले. दुकानात ट्यूबलाइट होत्या आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्रातून काळपट पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असते, त्यामुळे अशा दिव्यांखाली सेकंदाला पंचवीस चौकटी आणि एक-पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला की पट्टे जातात. आमचा कॅमेरा मात्र कोणीतरी तीस चौकटींवर ठेवून परत केलेला होता. दुरुस्ती दोन मिनिटांची, पण कारण सापडायला पाऊण तास गेला.

त्यानंतर दिवस चांगला गेला, किंवा तसे आम्हाला वाटले. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, त्याचे तोंड कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि आतून काठ्यांचा ताण देऊन तोंड हवे तेवढे फाकवून पुन्हा वाळवतात. तुणीच्या लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी त्याला जोडली जाते, तोंडावर तबली, म्हणजे लाकडाचे पातळ झाकण, बसते, सांध्यावर कोरलेली पाने येतात. पूर्वी सरस वापरत, आता बाजारातला गोंद. नक्षीकामासाठी पूर्वी हस्तिदंत असे, आता सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पट्ट्या असतात. त्या चिकटवून झाल्या की त्यांवर बारीक टोकाने कोरून रेघांत काळा रंग भरतात आणि वरचा पुसून घेतात. हे सगळे दिसायला इतके सुंदर आहे की आमचा कॅमेरामन जेवायलाही उठेना. संध्याकाळी एका तयार तानपुऱ्याच्या तारा छेडत चाचा वीस मिनिटे बोलले. त्यांच्या सदऱ्याला मी कॉलर माइक लावला होता, दुसरा तबलीजवळ ठेवला होता, आणि बाहेर गल्लीत दुचाकींचा आवाज असल्याने दोन्ही माइकवरचे गोंगाट कमी करणारे बटण मोठ्या हुशारीने दाबून ठेवले होते.

रात्री मावशीकडे जेवणे झाल्यावर ते चित्रण लॅपटॉपवर उतरवून ऐकले. चाचांचा शब्द न् शब्द स्वच्छ होता. दुचाकी नव्हत्या, पंखा नव्हता. तानपुराही नव्हता. तार छेडल्याचा नखाएवढा ‘टक्’ ऐकू येई आणि पुढचा सगळा नाद पाण्यात बुडावा तसा नाहीसा होई. चाचांच्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत, जेथे तो सर्वांत भरून यायला हवा होता, तेथे निखळ शांतता होती.

कारण समजायला मध्यरात्र झाली. माणसाचे बोलणे चढते, उतरते, तुटते. पंखा किंवा इंजिन एकसारखे वाजत राहते. जे एकसारखे चालू आहे तो गोंगाट, असे धरून हे बटण काम करते. तानपुऱ्याचे तर काम मुळी एकसारखे चालू राहणे हेच. यंत्राने पंखा आणि तानपुरा एकाच चाळणीतून गाळला होता. आणि हे गाळणे ध्वनिमुद्रणाच्या वेळीच होत असल्यामुळे मूळ नाद कोठेही शिल्लक नव्हता, संकलनात तो परत आणता येणार नव्हता. चौसष्टपैकी एकवीस शॉट चित्र म्हणून उत्तम होते आणि माहितीपट म्हणून मुके होते. मी त्या रात्री कोणाशी फारसे बोलले नाही.

दिवस तिसरा

पहाटे उठून आम्ही सांगलीच्या आयर्विन पुलावर गेलो, कारण आराखड्यात ‘आरंभीचे दृश्य : कृष्णेवरील सूर्योदय’ असे लिहिलेले होते. पूल १९२९ चा आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले होते, आणि थंडीत पाण्यावर धुके असते तेव्हा येथून कसाही कॅमेरा धरला तरी चित्र चांगले येते. हाच त्यातला धोका आहे. चाळीस मिनिटे चित्रण करून झाल्यावर आमच्यातली संकलन करणारी मैत्रीण म्हणाली, “यात तानपुरा कुठंय?” दृश्य तेथेच वगळले.

दुकानात गेल्यावर मी चाचांना झालेला प्रकार सांगितला. ते रागावतील असे वाटले होते. ते हसले. “म्हणजे यंत्राला तंबोरा गोंगाट वाटला म्हणा की.” मग थोडे थांबून म्हणाले, “पोरी, तू काल एकदाही डोळे मिटले नाहीस. इथं काम डोळ्यानं होत नाही.”

दुपारी परवानगी घेऊन ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात गेलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांची कबर याच दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाच्या वेळी येथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि गायक दर्ग्यात येऊन गातात. आम्ही गेलो ते दिवस उरुसाचे नव्हते, आवारात कबुतरे आणि दोन-चार माणसे होती. येथे मी पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या आधी रेकॉर्डर सुरू केला. सुरांच्या लगावासाठी ओळखले जाणारे घराणे आणि तानपुरे घडवणारी गल्ली एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, हे निवेदनात सांगायचे की पावलांच्या आवाजाने दाखवायचे, यावर तेथेच पायरीवर बसून आमचा वाद झाला. पावले जिंकली.

संध्याकाळी आराखडा नव्याने लिहिला. ध्वनीचा रकाना पहिला घेतला आणि चौसष्ट शॉटचे एकतीस झाले. त्यानंतर मी घड्याळ घेऊन गल्लीत दीड तास उभी राहिले आणि कोणता आवाज केव्हा येतो ते टिपत गेले. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन जाणारी गाडी येथूनच सुटत होती. त्यामुळे इंजिनाची शिटी केव्हाही येते. मिरज हे दवाखान्यांचेही गाव आहे, म्हणजे रुग्णवाहिका आल्याच. शेजारी सुतारकामाचे यंत्र, शाळेची गाडी, अजान, कुकरच्या शिट्ट्या. निष्कर्ष असा निघाला की सकाळी साडेसहा ते आठ हीच काय ती निवांत वेळ. चाचांना विचारले तर म्हणाले, “फजरची नमाज झाली की या. जवारीचं काम मी तसंही तेव्हाच करतो.” ही माहिती आम्ही पहिल्याच दिवशी विचारली असती तर मिळाली असती.

दिवस चौथा

या दिवसासाठीच हा लेख लिहीत आहे.

साडेसहाला दुकानाचे एकच फळकूट उघडलेले होते. पंखा बंद, यंत्र बंद. कामाआधी मी एक मिनिट खोलीची शांतता मुद्रित करायला सुरुवात केली. संकलनात दोन तुकडे जोडताना ती लागते. सर्वांनी श्वास रोखून धरले होते. एवढ्यात लांबवर इंजिनाची शिटी झाली आणि हेडफोनमध्ये मला खोलीच्या आतून एक बारीक, धातूचा निःश्वास ऐकू आला. कोणीही कशाला हात लावलेला नव्हता. चाचांनी भिंतीकडे मान हलवली : तेथे टांगलेल्या सतारींच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या ज्या तारा स्वतः न छेडता सुराला साथ देतात, त्या शिटीला उत्तर देत होत्या. शांततेचे मिनिट बिघडले होते आणि ते बिघडलेलेच आम्ही माहितीपटाच्या आरंभी ठेवले आहे.

जवारी म्हणजे काय, हे आम्ही वाचून गेलो होतो. तानपुऱ्याच्या चार तारा तबलीवरच्या ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी अल्प असा बाक असतो. तार कंप पावताना त्या बाकाला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि त्यामुळे एका स्वरातून वरचे अनेक स्वर उमलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना हेच नोंदवले होते की, तार जेथे छेडली तेथे ज्या उपस्वरांनी नियमाप्रमाणे उमटू नये, तेही या घोडीमुळे उमटतात. वाचलेले एवढेच होते.

प्रत्यक्षात चाचांनी पहिली तार ढिली केली, घोडीवरून बाजूला सरकवली आणि एका लहान कानशीने घोडीच्या माथ्यावर तीन वेळा, फक्त तीन वेळा, पुढच्या दिशेने घासले. पांढरी भुकटी पडली, चिमटीभरही नाही. ती त्यांनी फुंकरीने उडवली, अंगठ्याचा मांसल भाग माथ्यावरून फिरवला, तार परत जागेवर आणून खुंटी पिळली, सूर लावला, छेडली आणि डोळे मिटले. माझ्या कानाला तो आवाज आधीच्यासारखाच होता. त्यांनी मान हलवली, तार पुन्हा ढिली केली. पुन्हा कानस, या वेळी दोनदा. पुन्हा सूर. असे त्यांनी एका तारेसाठी नऊ वेळा केले. कॅमेरामनने दर वेळी कानशीवर भिंग रोखले होते. सहाव्या वेळी मी त्याला खूण करून कॅमेरा चाचांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे वळवायला सांगितले, कारण काम तेथे चालले होते.

आठव्या वेळेपर्यंत मला फरक कळू लागला होता. आधी नाद तारेपाशीच घुटमळून विझत असे. आता छेडल्यानंतर क्षणभराने त्यातून एक गंधार वर येत होता, कोणी न गाता. नवव्या वेळी चाचांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवला, तो केसभर मागे-पुढे केला आणि एका जागी नाद एकदम खोलीभर झाला. अंगावर काटा आला, हे लिहायला संकोच वाटतो, पण आला.

“ही खुली जवारी,” ते म्हणाले. “कुणाला बंद लागते, कुणाला गोल. गाणाऱ्याचा गळा ऐकल्याशिवाय मी घोडीला हात लावत नाही. फोनवर ऐकवतात आता.”

या वेळी रेकॉर्डर मी हाताने लावलेल्या पातळीवर ठेवला होता, कारण आपोआप पातळी धरणारी व्यवस्था नाद विरत गेला की आवाज वाढवत जाते आणि विरण्याचीच मजा घालवते. शॉटगन माइक घोडीपासून हातभर अंतरावर, थोडा वरून. चाचांच्या बोलण्यासाठी कॉलर माइक, बटण बंद. आठ वाजता शेजारचे यंत्र सुरू झाले तेव्हा आमच्याकडे एक तास बारा मिनिटांचा ध्वनी होता. दुपारी काही केले नाही. मावशीने विचारले, झाले का काम. मी तिला हेडफोन दिले. ती ऐकत बसली आणि पोळी तव्यावर करपली.

दिवस पाचवा

परतीची गाडी दुपारची होती. सकाळी चाचांची मुलाखत व्हायची होती आणि शेवटी चारही तारा मिळवलेल्या तानपुऱ्याचा चार मिनिटांचा अखंड शॉट घ्यायचा होता, ज्यावर श्रेयनामावली चालणार होती. मुलाखत लवकर आटोपली. जे सांगायचे ते चाचांनी आदल्या दिवशी हातानेच सांगितले होते. अखंड शॉटही पहिल्याच प्रयत्नात झाला. शिटी नाही, रुग्णवाहिका नाही, चित्र स्थिर. कॅमेरामनने अंगठा दाखवला आणि आम्ही वायरी गुंडाळायला लागलो.

“ऐकव बघू,” चाचा म्हणाले.

मी हेडफोन त्यांच्या कानांवर लावले. ते पाय दुमडून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. पहिले मिनिट त्यांचा चेहरा हलला नाही. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास कपाळाला आठी पडली. चार मिनिटे पूर्ण ऐकून त्यांनी हेडफोन काढले.

“पंचम उतरलाय. नवी तार आहे, बसायला वेळ घेते. निम्म्यातनं खाली आलाय.”

आम्हा चौघांपैकी कोणालाच तो उतरलेला कळला नव्हता. मी पुन्हा ऐकले, मग आरंभ आणि शेवट लागोपाठ ऐकला. तेव्हा कोठे केसाएवढा फरक जाणवला. कॅमेरामन घड्याळाकडे पाहत होता. गाडीला सव्वा तास उरला होता, रस्त्यावर शाळेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या आणि शेजारचे यंत्र केव्हाही लागणार होते. मी म्हटले, “चाचा, चालेल ते. बाकीच्यांना कळणार नाही.”

“मला कळलंय ना,” असे म्हणून त्यांनी खुंटीला हात घातला. “परत घ्या.”

शेजारी जाऊन त्यांनी स्वतःच यंत्र थांबवायला सांगितले. तार बसण्याची वाट पाहण्यात अर्धा तास गेला. त्या वेळात चाचा ती बोटाने हळूच ताणत, पुन्हा मिळवत राहिले. दुसरा प्रयत्न रुग्णवाहिकेने खाल्ला, तिसऱ्यात ट्रायपॉडच्या चिकटपट्टीने दगा दिला. चौथा त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि हेडफोन माझ्या हातात देऊन चहा सांगायला उठले. दुपारची गाडी तोवर निघून गेली होती. आम्ही रात्रीच्या गाडीने साताऱ्याला परतलो.